मालन कांबळे स्मृती ढाल

कोल्हापुरात स्पर्धा कशाची होत नाही ते विचारावं. म्हशी पळतात, बैल पळतात, भजी खाणाऱ्यांची पंगत बसते आणि सगळ्यांत शेवटी उठणाऱ्याला ढाल मिळते. तेव्हा ताराबाई पार्कातल्या योगवर्गानं योगासनांच्या स्पर्धा घ्याव्यात, यात नवल काही नव्हतं. पण आईला जाऊन जेमतेम महिना होतोय, तोच धाकटा भाऊ बुद्धभूषण हसऱ्या तोंडानं घरात आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "ताई, आईच्या नावानं ढाल काढाय लागल्यात." प्रीतीच्या हातातली चहाची कपबशी तिथंच थांबली.

"कसली ढाल?"

"फिरती. दरवर्षी द्यायची. 'मालन कांबळे स्मृती ढाल, सर्वांत अचूक आसनासाठी.' रविवारी सकाळी शोकसभा हाय, तिथंच दाखवणार सगळ्यांना. वरचं कापड तू काढायचंस, असं योगवर्गाचे सर म्हणालेत."

प्रीती साताऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि कामातही नव्हतं. तिनं कपबशी खाली ठेवली.

"अचूक?" एवढंच ती म्हणाली.

"मग? अचूकच की आई."

तेच तर होतं. आईचं नाव घेतलं की लोकांच्या तोंडी हा एकच शब्द यायचा. तो कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

मालनबाई सदुसष्ट साली सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या. कसबा बावड्याच्या बौद्ध वस्तीतून कचेरीत नोकरीला जाणारी ती पहिली बाई. पहिल्याच आठवड्यात एका कागदावर एक अक्षर चुकलं. चुकलेलं अक्षर ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडायचं आणि त्यावर दुसरं मारायचं, ही तिथली रीतच होती. सगळ्यांचे कागद तसे खरवडलेले असत. हेडक्लार्कनं मालनबाईंचाच कागद तेवढा खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "राखीव जागेतनं आलं की हे असं असतंय."

कुणी हसलं नाही, आणि मानही वर केली नाही. मालनबाईंनी कागद परत घेतला, नवे कार्बन लावले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप केला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी ब्लेडला हात लावला नाही. शेवटच्या ओळीत चुकलं तरी पान नव्यानं. साहेब आले, साहेब गेले. कांबळेबाईंच्या कागदावर न वाचता सही करावी, असं कौतुकानं म्हटलं जाऊ लागलं. कौतुक करणाऱ्याचं काय जातं? बोटं दुसऱ्याची झिजत असतात.

घरीही तेच. भाकरीचा काठ जरा चिरला तर ती भाकरी त्या स्वतः खायच्या, ताटात वाढायच्या नाहीत. शाळेला निघालेल्या प्रीतीच्या वेण्यांचा भांग दोरीनं आखल्यासारखा सरळ असायचा, नसला तर सगळे केस सोडून पुन्हा. प्रीती रडकुंडीला यायची. तेव्हा आई तिचा चेहरा हातात धरून, अगदी शांतपणे सांगायची, "दुसऱ्याचं चुकलं तर ती त्याची चूक असते, बाळ. आपलं चुकलं तर आपली जात असते." मग पुन्हा कंगवा.

पन्नाशी उलटली तशी मालनबाईंची झोप उडाली. झोपेत दात इतके घट्ट आवळले जायचे की सकाळी घास चावता यायचा नाही. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी विचारलं, "ताण आहे का कसला?" तर त्या म्हणाल्या, "ताण कशाचा? माझं सगळं वेळच्या वेळी असतंय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बाई, गोळ्या देतो. पण थोडं सैल व्हायला शिका. योगा लावा."

असा अठ्ठ्याण्णव साली योग लागला. ताराबाई पार्कात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. लग्नसराईत खाली आचारी फोडणी देत आणि वर तीस-चाळीस माणसं प्राणायाम करत. शिकवायला उदयसिंह इंगवले सर. आयुष्यभर शाळेत पीटी घेतलेला माणूस. मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा.

"शिथिल व्हा!" सर ओरडायचे. "खांदं सोडा! सोडलं का? सोडा म्हंतोय न्हवं!"

सैल होण्याची अशी कवायत चालायची. आणि मालनबाई आयुष्यभर जे करत आल्या तेच त्यांनी इथंही केलं. योगासनांचं पुस्तक आणलं. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून पायाचा कोन पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिला. सहा महिन्यांत सर त्यांना पुढं बोलावून सगळ्यांना दाखवू लागले. "बघा, बघा कांबळे मॅडमचं पश्चिमोत्तानासन! आणि तुमचं बघा. पाट्यावर वरवंटा ठेवल्यागत!" शवासनातसुद्धा त्यांचं उदाहरण. "काडी हलत न्हाय मॅडमची!"

कशी हलणार? प्रीती सुट्टीला आली तेव्हा आई तिला म्हणाली होती, "मेल्यासारखं पडायला किती जोर लावावा लागतो गं." शवासन संपेपर्यंत त्या आतून सगळं अंग धरून ठेवायच्या, आपली पापणी हलली तर कुणीतरी बघेल म्हणून. योगासनांच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. फोटो निघाला. त्याच आठवड्यात रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली.

पुढं जे झालं त्यात सरांचा हात नव्हता, पुस्तकाचाही नव्हता. हात असलाच तर खालच्या आचाऱ्याचा. मालनबाई निवृत्त झाल्या त्या वर्षीची गोष्ट. खाली कुणाच्या तरी लग्नाचा मसालेभात शिजत होता, वास जिन्यानं वर आला होता, आणि शवासनात मालनबाईंचा डोळा लागला. नुसता लागला नाही, त्या घोरायला लागल्या. वर्ग खुसखुसायला लागला. सर डोक्याशी येऊन उभे राहिले. "मॅडम! ओ मॅडम!" मालनबाई दचकून उठल्या. घामानं भिजल्या. चार टेबलांसमोर कागद धरला गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

तेवढ्यात शेजारच्या सतरंजीवरून अंबूबाई बोलल्या. अंबूबाई गडमुडशिंगीच्या, चार म्हशींच्या मालकीण, गुडघेदुखीपायी मुलानं वर्गात आणून घातलेल्या. "अगं बया! काय घोरलीस गं! माझी मुऱ्हा म्हस बी आसं घोरत न्हाय. मला तर वाटलं खाली बँड आला!"

सगळे हसले. आणि मालनबाईंच्याही तोंडून हसू फुटलं. ते हसू थांबेना. हसता हसता डोळे पुसावे लागले. घरी आल्यावर त्यांनी साताऱ्याला फोन लावला, आणि पहिलं वाक्य हेच, "प्रीती, मी आज झोपले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुढची जागा सोडली. दाराजवळ, चपलांच्या शेजारी, अंबूबाईंच्या बाजूला सतरंजी टाकली. होईल तेवढं करायचं, न होईल ते सोडायचं, आणि मधूनमधून कुजबुजायचं. सरांना वाईट वाटलं. "मॅडम, तुमचा फॉर्म गेला," ते हळहळायचे. स्पर्धेला नाव देतो म्हणाले तर मालनबाई म्हणाल्या, "सर, माझ्या परीक्षा झाल्या."

त्या दिवाळीत प्रीती आईबरोबर वर्गाला गेली होती. वृक्षासन चाललं होतं. एका पायावर उभी असलेली आई डुलली, आणि आडवी झाली ती थेट अंबूबाईंच्या अंगावर. प्रीती धावली. तिच्या सबंध आयुष्यात आई कधी तोल जाऊन पडली नव्हती. खाली दोन बायका एकमेकींच्या पदरात गुंतून पडल्या होत्या. "ऊठ की गं माझ्यावरनं, खांब हैस व्हय!" असं अंबूबाई ओरडत होत्या, आणि आई प्रीतीचा पुढं आलेला हात बाजूला सारून म्हणत होती, "अगं राहू दे. पडू दे की जरा."

शेवटची तीन-चार वर्षं मालनबाईंना झोप लागायची. भाकरीचा काठ चिरला तर तशीच वाढायच्या. फेब्रुवारीत एका दुपारी मेंदूत रक्तस्राव झाला आणि तासाभरात सगळं संपलं. प्रीती साताऱ्याहून येईपर्यंत फक्त चेहरा बघायचा उरला होता. तो चेहरा सैल होता. त्यात कुठंही जोर नव्हता.

आणि आता ढाल, सर्वांत अचूक आसनासाठी.

"भूषण, त्यांना नको म्हणून सांग," प्रीती म्हणाली.

"का?"

"आई तिथं अचूकपणा सोडायला गेली होती. मरतामरता कसाबसा सुटला तिचा. तोच परत तिच्या नावाला खिळ्यानं ठोकायचा?"

भूषण वीज मंडळात होता, खांबांवर चढणाऱ्यांच्या वरचा साहेब. त्याला असली बोलणी पुस्तकी वाटायची. "ताई, तू तुझं साताऱ्यात बसून बोलतीस. मी इथं राहतोय. ताराबाई पार्कातल्या हॉलमधी कुणाकुणाच्या नावाच्या ढाली हायत बघितल्यास का? सगळी मोठी घरं. त्यांच्या ओळीत 'कांबळे' लागणार हाय. बावड्यातली पोरं बघतील. ती काय वाईट गोष्ट हाय?"

प्रीतीला राग आला. कारण भूषण खोटं बोलत नव्हता. त्या ओळीत ते नाव लागायलाच हवं होतं. पण त्या ओळीत आत शिरण्यासाठी आईनं आयुष्यभर जे मोल भरलं, तेच तिचं नाव म्हणून लागणार होतं.

"मग अचूक हा शब्द तरी काढायला सांग."

"ढाल तयार झाली. पितळी पाटी कोरून आली. सरांनी हौसेनं केलंय. तू रविवारी ये, कापड काढ, हात जोड. बोलू नको काय."

रविवारी हॉल भरला होता. खाली लग्न नव्हतं, त्यामुळं शांतता होती. पुढच्या टेबलावर आईचा तो बक्षीस घेतानाचाच फोटो, ताठ मान, आवळलेले ओठ. त्याला हार. शेजारी निळ्या मखमलीखाली ढाल. प्रीती आणि भूषण पुढच्या खुर्च्यांवर बसले. मागून एक खरखरीत हात प्रीतीच्या खांद्यावर आला. अंबूबाई होत्या. "पोरी, खाल्लंस का कायतरी सकाळधरनं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदराच्या टोकानं स्वतःचे डोळे टिपले.

सर उभे राहिले. बोलता बोलता त्यांचा आवाज दोनदा कापरा झाला. त्यांचं दुःख खरं होतं, ते प्रीतीला दिसत होतं. "असा साधक होणे नाही," ते म्हणाले. "शिस्त म्हणजे कांबळे मॅडम. मी सांगतो, चाळीस वर्षं पोरं शिकवली, पण एवढं शुद्ध आसन बघितलं न्हाई. आणि हे कुणी करावं? ज्यांच्या घरात, ज्यांच्या समाजात योगाची काही परंपरा नाही, अशा बाईनं! तिथनं येऊन आमच्या लोकांना मागं टाकलं मॅडमनी. ह्याला म्हणतात जिद्द!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रीतीला आईच्या कचेरीतला हेडक्लार्क आठवला. सदुसष्ट सालचा तो माणूस निदान चूक दाखवत होता. इथं चूक नव्हती तरी कागद उजेडाकडे धरलेलाच होता. आणि धरणारा प्रेमानं धरत होता. हात झटकावा तरी कुणाचा?

"आता प्रीतीताईंनी ढालीचं अनावरण करावं."

ती उठली. टेबलाशी गेली. मखमलीला हात न लावता सभेकडे वळली. भूषणनं डोळ्यांनी नको म्हटलं. ते तिनं पाहिलं.

"सर, तुम्ही आईसाठी इतकं केलंत, त्याबद्दल आभार," ती म्हणाली. आवाज तिच्या नेहमीसारखाच होता, वाचनालयातला. "पण ही ढाल तिच्या नावानं देऊ नका. द्यायची तर द्या, नुसती योगवर्गाची म्हणून."

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. सर गोंधळले. "का ओ? आमचं काय चुकलं का?"

"माझी आई अचूक होती, कारण तिला चुकायची परवानगी नव्हती. एका अक्षरावरून तिची जात काढली जायची. म्हणून ती इथं आली, आजारी पडून आली. तुम्ही तिला पुढं उभं केलंत, बक्षीस दिलंत, आणि तिची गोळी दुप्पट झाली. ती बरी झाली ती मागं बसायला लागल्यावर. दाराजवळ, चपलांपाशी. तिथली मालन कांबळे तुम्हाला कुणालाच आठवत नाही का?"

"मला आठवती," अंबूबाई मागून म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "घोरायची. माझ्या कानापाशी. मी ढोसायची आन् ती म्हणायची, 'अंबू, झोपू दे गं, लई वर्षांची राहिल्याली हाय.' ढाल द्याची तर झोपणाऱ्याला द्या की!"

मागच्या रांगेत हसू उठलं आणि विरलं. सर हसले नाहीत.

"अंबूबाई, बसा. गेलेल्या माणसाचं असलं सांगत नसत्यात."

"असलंच सांगा," प्रीती म्हणाली. "तेवढंच तिचं स्वतःचं होतं."

"ताई, बास," भूषण दबक्या आवाजात म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. "सर, ती जरा दुःखात हाय. तुम्ही कापड काढा. मी काढतो, पाहिजे तर."

सरांना धीर आला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि ज्याला मनापासून वाईट वाटतं त्याला आपली बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते भूषणकडे वळले. "बुद्धभूषण, तूच समजावून सांग तुझ्या बहिणीला. अरे, हे नाव घालायला मला कमिटीत किती झगडावं लागलं, तुला काय सांगू. चौघं जणं तर सरळ म्हणाले, दुसरं कुणाचं तरी नाव घ्या. मी म्हटलं न्हाय! बाई कुठलीबी असू दे, आसन बघा. आसनात एक खोट दाखवा, मी नाव मागं घेतो. तवा गप बसले. सगळ्यांचा विरोध पत्करून मी हे केलंय, बाबा!"



भूषण उठायला निघाला होता, तो तसाच अर्धवट उभा राहिला. मग हळूहळू सरळ झाला. वळला. पहिल्या रांगेत कमिटीची माणसं बसली होती. पांढरे कपडे, छातीला काळ्या फिती.

"कुणाचा विरोध होता?" त्यानं विचारलं.

एकजण छताच्या पंख्याकडं बघू लागला. एकानं घसा साफ केला. रोज सकाळी याच माणसांना भूषण जय महाराष्ट्र घालायचा, त्यांच्या घरचे मीटर त्यानं बसवून दिले होते.

"न्हाय, मी काय भांडाय लागलो न्हाई," भूषण म्हणाला. "फक्त विचारतोय. आसनात खोट निघाली असती तर नाव गेलं असतं. असंच ना सर?"

"अरे, तसं न्हवं रे..."

"तसंच की."

त्यानं स्वतःच मखमल बाजूला केली. ढाल सुंदर होती, शिसवी लाकडाची, मध्ये पितळी पद्मासन. खाली पाटी. आईचं नाव, नावाखाली तो शब्द. भूषणनं त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग ढाल उचलून सरांच्या पुढं धरली.

"नाव काढून द्या सर. ढाल तुमची, पाटी आमची."

"आत्ता? सभेत?"

"आत्ताच," प्रीती म्हणाली.

सरांनी ढाल घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना समजलं होतं की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. कदाचित अर्धं समजलं होतं. त्यांनी कपाटातून पेचकस काढला, खुर्चीत बसून ढाल मांडीवर घेतली आणि चष्मा पुसला. पहिला स्क्रू निघाला. माणसं उठायला लागली, कुणी नमस्कार केला, कुणी न करताच जिना उतरलं. कमिटीतला एकजण जाता जाता म्हणाला, "चांगलं करायला जावं तर हे असं." प्रीतीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं पाय उचलला.

दुसरा स्क्रू हलेना. सरांनी तीनचारदा जोर केला, पेचकस सटकला, पाटीवर ओरखडा उठला.

"खाच गेलीय ह्याची," ते म्हणाले. "उद्या कारागिराकडनं काढून आणतो आणि घरी पोचवतो. शब्द देतो. तुम्ही जावा आता, जेवायची वेळ झाली."

प्रीतीनं पुढची खुर्ची ओढली, सरांच्या समोर ठेवली आणि बसली. भूषण तिच्या पाठीशी उभा राहिला. अंबूबाईंनी दाराजवळ जमिनीवरच बसकण मारली आणि दुखरे गुडघे लांब केले.

"करा सावकाश," प्रीती म्हणाली. "आम्ही थांबतो."